दादाच्या पलंगाची पेटी

बारांकिया, कार्निव्हल तोंडावर

वडील बंधू एलिएसेर यांना,

धाकट्याचं डोकं आपल्या पायांवर (आपले पाय सरहद्दीपलीकडे माराकाइबोत असल्यामुळे डोकं तूर्त टेबलावरच टेकवलं आहे). आपण सुखरूप असालच. नसतात तर कळलं असतं, वाईट बातमी यायला वेळ लागत नाही. आपली तब्येत, आपला पगार आणि आपलं ते तेलाच्या कंपनीतलं काम, ज्यात आपण नक्की काय करता हे आईने गल्लीला दर वेळी वेगळं सांगितलं आहे, सगळं ठणठणीत असो. इकडे आई बरी आहे. गुडघे होते तसेच आहेत. कान मात्र आता पुरते गेले. ऐकणं संपलं तसं बोलणं वाढलं, आणि स्वतःचा आवाज स्वतःला येत नसल्यामुळे ती जे काही बोलते ते कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जातं. यादिरा नमस्कार सांगते (यादिरा म्हणजे माझी बायको, लग्नाला आपण येणार होतात). मुलांना खोकला होता, गेला. माझा घसा बसला आहे, लाकडाच्या भुशाने. कित्येक दिवस मी असा घोगरा बोलतो आहे, पण या घरात एकाही माणसाने विचारलं नाही की बाबा रे, तुला काय झालं. आपणही विचारणार नाही, म्हणून मीच सांगून मोकळा होतो.

आता पत्राचं कारण. कारण आपणच पाठवलंत, दागोबेर्तोच्या ट्रकमधून. भला मोठा स्पीकर, परातीएवढा, आपल्या जुन्या निळ्या शर्टात गुंडाळलेला. बरोबर चिठ्ठी नव्हती. (शर्टाचा खिसा मी उलटा करून पाहिला. बसचं एक जुनं तिकीट निघालं, तेही दुसऱ्याच कुठल्या गावचं.) आईने आधी शर्टाचा वास घेतला, मग तो शर्ट उशाखाली ठेवला, मग दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "माझ्या एलिएसेरने पिको पाठवला!" झालं. दादा, पिको म्हणजे काय ते माराकाइबोत विसरला असशील तर आठवण करून देतो: पिको म्हणजे माणसापेक्षा उंच रंगवलेली लाकडी पेटी, जी गल्लीत उभी केली की म्हातारीकोतारी नाचायला लागतात आणि भिंतींचा रंग सुटतो. तू जे पाठवलंस तो त्या पेटीच्या पोटातला एक अवयव होता. नुसत्या आचळाची पूर्ण गाय होत नाही. (बघ, 'आपण'वरून 'तू'वर कधी आलो ते कळलंच नाही. असू दे. 'आपण' म्हणताना माझा घसा जास्त दुखतो.)

पण हे गल्लीला कोण सांगणार? आठवडाभर लोक स्पीकर बघायला येत होते. आईने तो संत अंतोनियोच्या तसबिरीखाली ठेवला होता, शेजारी मेणबत्ती. बायका केस सावरून त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, काय बाई गुणाचा मुलगा, इतक्या लांब राहून आईला विसरला नाही. इतक्या लांब म्हणजे सकाळी बसमध्ये बसलास तर रात्रीच्या जेवणाला इथे, पण तो हिशेब बायकांना करायचा नव्हता. मी मागे उभा राहून कुणाच्या तरी फ्रीजची नळी जोडत होतो. आईचा फ्रीजही मीच चालता ठेवतो, पण त्याच्याखाली अजून कुणी मेणबत्ती लावलेली नाही.

रविवारी सगळ्यांच्या आग्रहावरून स्पीकर रेडिओला जोडला. दादा, तुला माहीत असेल किंवा नसेल, बिनपेटीच्या स्पीकरमधून बास येत नाही. नुसती फडफड येते. हवा पुढून ढकलली की मागे पळते, मागून ओढली की पुढे पळते, आवाजाचं काहीच होत नाही. आपला स्पीकरही तसाच मच्छरासारखा कुणकुणला. गल्ली माझ्याकडे बघायला लागली. आई बघत होती की कुणी नाचत का नाही. मग ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "विल्फ्रिदोने बिघडवला!" आणि निकानोर न्हावी (तोच, आपल्या समोरचा, एकदा एका नामांकित पिकोची शिडी धरली होती, तेव्हापासून तज्ज्ञ) मान हलवत म्हणाला, "दादाची वस्तू आहे बाबा, हळू हाताळावी."

तेव्हा मी ठरवलं की पेटी करायची. रागाने ठरवलं, ते कबूल करतो. चांगल्या मनाने या घरात मी खूप गोष्टी केल्या आणि त्या कुणाच्या लक्षात नाहीत. म्हटलं, एकदा रागाने करून बघू.

पहिली पेटी व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्यांची केली. (खोकी कुठून आली ते विचारू नकोस. तुझ्याच त्या सरहद्दीवरून येतात.) सरस ओतला, खिळे ठोकले, फटींत भुसा आणि सरसाचं लुकण भरलं. निकानोर रोज दुकान बंद करून येऊन बसायचा, काडीने दात कोरायचा आणि सांगायचा की मोठे पिकोवाले असं करत नाहीत. कसं करतात विचारलं तर म्हणायचा, ते सांगण्यासारखं नसतं, ते अंगात असावं लागतं. पेटी चालू केली. पहिल्याच ठोक्याला मागची फळी सुटली आणि शेजारणीच्या कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन पडली. कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं, शेजारणीने बोलणं बंद केलं, आणि निकानोर म्हणाला, "विल्फ्रिदो, आवाज पुढून यायला हवा होता रे." मग दुसऱ्यांदा स्क्रू मारले, आतून आडव्या पट्ट्या दिल्या, आणि आवाज घुमायला नको तिथे घुमतो म्हणून आत कापूस भरला. कापूस यादिराच्या उशांचा होता. (ती तेव्हा बाजारात होती. आल्यावर घरात नव्हता तो आवाज बाहेर आला, पेटीची गरज लागली नाही.) तरीही पुढची फळी स्वतःच थरथरत होती. स्पीकरच्या पुढची फळी जाड लागते, दादा. हलली की सगळा दम ती खाते. भिंतीसारखी उभी राहील अशी फळी गल्लीत कुणाकडे नव्हती. दुकानात होती, पण त्या किमतीत माणूस गच्ची बांधेल.

घरात मात्र होती.

आता जरा बसून वाच. तुझा पलंग. बाबांनी स्वतः केलेला, देवदाराचा, उशाकडची फळी हाताच्या पंजाएवढी जाड. तू गेलास त्या दिवसापासून त्या पलंगावर कुणी झोपलेलं नाही. आई दर शनिवारी त्यावरची चादर बदलते. न वापरलेली चादर धुते, वाळवते, आणि पुन्हा घालते. मी, यादिरा आणि पोरं बाहेरच्या खोलीत झुल्यात आणि चटईवर. पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं तेव्हा मी विचारलं होतं की आई, पोरांना तरी दादाच्या पलंगावर झोपवू का. ती म्हणाली, आणि तो आला तर? नेमका त्याच रात्री आला तर? माझी पोरं भिजली आणि तुझा पलंग कोरडा राहिला. हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. आता लिहितो आहे कारण आता पलंग नाही.

आई प्रार्थनेला गेली असताना मी करवत लावली. आपल्या घरात करवतीचा आवाज तिला आला नसताच, पण माझी हिंमतच झाली नाही ती घरात असताना. देवदाराला काय वास येतो, दादा! सगळ्या खोलीत बाबा आल्यासारखं झालं. माझा हात एकदा थांबला, हे खरं आहे. पण मग मला ती कोरडी चादर आठवली आणि मी उशाकडची फळी, पायाकडची फळी, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, सगळं कापलं. उशाची फळी पुढे, मधोमध स्पीकरचं गोल भोक, खाली हवेसाठी एक चौकोनी तोंड. पायाकडची फळी आतून आडवी. रंधा मारला, काचकागद मारला, सरस लावून दाबून ठेवलं. माझ्या आयुष्यात मी इतकं नेटकं काही केलेलं नाही. कुठल्याही सांध्यात नख शिरणार नाही.

आई परत आली ती दारातच थांबली. कानाने गेली असली तरी नाकाने शाबूत आहे. तिने खोलीत जाऊन बघितलं. मग रडली नाही, ओरडली नाही, झाडू घेतला, सगळा भुसा गोळा केला, बिस्किटांच्या डब्यात भरला आणि संत अंतोनियोखाली ठेवला. आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. बाकी सगळ्यांशी बोलते. यादिराला सांगते, त्याला म्हणावं भात वाढलाय. "त्याला." मी समोर बसलेलो असतो.

पण पेटी! पेटी काय झाली म्हणून सांगू! निकानोरने परीक्षा सांगितली: पेटीवर रमचा पेला ठेवायचा आणि बास सोडायचा, पेला चालत कडेपर्यंत गेला तर ती पेटी, जागेवर राहिला तर ते कपाट. पेला चालला, कडेवरून उडी मारून निकानोरच्या मांडीवर पडला. शेजारच्या घरातली पातेली मांडणीवर सरकली. छातीत असा दणका बसत होता की मुलं शर्ट वर करून पेटीसमोर उभी राहिली, पोट हलतं का बघायला. मला वाटलं, आता. आता कुणीतरी म्हणेल. निकानोर पँट पुसत म्हणाला, "वा! शेवटी स्पीकर कुणाचा आहे!" दादा, मी त्याच वेळी पेटी डोक्यावर घेऊन नदीत टाकली असती, पण ती एकट्याला उचलवत नाही.

आता पुढचं ऐक. पिकोला पुढून कापड लागतं आणि कापडावर चित्र लागतं, नाहीतर त्याला कुणी पिको म्हणत नाही. मी रंगाऱ्याला, बेलिसारिओला, सांगितलं की वाघ काढ. सगळे वाघ काढतात, पण मला वाघच हवा होता. एक हातोडी आणि एक वाघ. तो हो म्हणाला. मला काय माहीत की आईने आपली दोन्ही बदकं त्याच्या घरी पोचवली आहेत, आणि बदकांबरोबर तुझा फोटो! शनिवारी सगळी गल्ली जमली, बेलिसारिओने पडदा ओढला, आणि समोर तू. पांढऱ्या घोड्यावर. हातात नोटांची थैली, तोंडात सोन्याचा दात (तुला सोन्याचा दात आहे का? मला खरंच माहीत नाही), मागे तेलाच्या विहिरी जळताहेत. गल्लीने टाळ्या पिटल्या. "एलिएसेर! एलिएसेर!" आईने दोन्ही हात जोडून कापडाला लावले आणि मग कपाळाला. निकानोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तूसुद्धा मदत केलीस म्हणे. खिळे वगैरे धरलेस ना?"

लोक जेवायला गेल्यावर मी बेलिसारिओचा उरलेला काळा रंग घेतला आणि तुझ्या घोड्याच्या पायांखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या अक्षरांत पिकोचं नाव लिहिलं: कृतघ्न.

मला वाटलं होतं गल्ली चिडेल. तुला खरं वाटणार नाही, पण त्यांना ते नाव भयंकर आवडलं. म्हणाले, काय झणझणीत नाव आहे, दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, एलिएसेरलाच सुचणार. आता लांबलांबच्या वस्त्यांतून पोरं येतात, चला, कृतघ्नाकडे जाऊ, कृतघ्न आज काय वाजवतोय. कार्निव्हलला आपल्या गल्लीत कृतघ्न उभा राहणार हे सगळ्या गावाला ठाऊक झालं आहे. मी आयुष्यभराचा राग एका शब्दात लिहिला आणि तुझी जाहिरात झाली.

आणि सगळ्यात वाईट अजून सांगितलंच नाही. रोज संध्याकाळी आई स्टूल ओढत पेटीजवळ आणते आणि देवदारावर हाताचा पंजा ठेवून बसते. तिला गाणं ऐकू येत नाही, पण लाकडातून ठोका हाताला लागतो. डोळे मिटून बसते. मग सगळ्यांना मोठ्याने सांगते, "एलिएसेर बोलतोय." मी एकदा न राहवून तिच्यासमोर उभा राहिलो, आधी माझ्या छातीवर हात ठेवला, मग पेटीवर, पुन्हा छातीवर, पुन्हा पेटीवर. मी केली, आई. मी. ती यादिराकडे वळून म्हणाली, "खरंय त्याचं. एलिएसेरचं काळीज एवढंच मोठं आहे." पलंग कुणी कापला ते तिला माहीत आहे, दादा. पेटी कुणी केली ते माहीत नाही. पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि आईने एकदा माझ्याकडे बघून मान हलवावी म्हणून लाकडाला रंधा मारत बसलो होतो. लिहितानाही लाज वाटते.

असो. थोरांच्या तब्येतीला जपावे, धाकट्यांनी काय ते बघून घ्यावे. दागोबेर्तोचा ट्रक शुक्रवारी निघतो, त्याच्याबरोबर पत्र देतो.

आपला, नाइलाजाने,
विल्फ्रिदो

ता. क. मुख्य काम राहिलंच. पिको लावताना पहिल्या गाण्याआधी मालकाच्या आवाजातली कॅसेट वाजवतात, तुला आठवत असेल. तेवढी एक कॅसेट पाठव. फार नको, एवढंच बोल की मी एलिएसेर, ही पेटी माझ्या भावाने, विल्फ्रिदोने, एकट्याने, स्वतःच्या हाताने केली, आणि पलंगाबद्दल माझी काही तक्रार नाही. गल्ली तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. गल्लीने ऐकलं की बायका आईला खुणांनी समजावतील, आणि बायकांवर तिचा विश्वास आहे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. छपरासाठीसुद्धा नाही.

दुसरा ता. क. ट्रक बिघडला, म्हणून पत्र अजून माझ्याकडेच. तेवढ्यात मला वाटलं, तू कॅसेट पाठवणार कधी आणि मी ऐकणार कधी. लहानपणी आपल्या दोघांचा आवाज सारखाच होता, बाबासुद्धा फसायचे. तेव्हा मीच भरली. "मी एलिएसेर, माराकाइबोहून बोलतोय," असं ऐटीत, तुझ्यासारखं प्रत्येक शब्द लांबवत. बाकी सगळं वर लिहिलंय तसंच बोललो. काल संध्याकाळी गल्लीसमोर लावली. इतकी शांतता झाली म्हणून सांगू! निकानोरने टोपी काढली. दोन-तीन बायका डोळे पुसायला लागल्या. कुणालाही शंका आली नाही. आई नेहमीसारखी स्टुलावर, पंजा देवदारावर, डोळे मिटलेले. कॅसेट संपली. तिने हात काढला, मान वळवली, आणि कित्येक दिवसांनी थेट माझ्याकडे बघून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विल्फ्रिदो, घसा किती बसलाय रे तुझा! सांगायचं नाही का?"

गल्ली हसून हसून लोळली. निकानोरने टोपी परत घातली. आई उठली, आत गेली, गूळ आणि लिंबू घालून पाणी उकळलं, मी पेला रिकामा करेपर्यंत समोर उभी राहिली, आणि रिकामा पेला घेऊन पेटीच्या सांध्यावरून अंगठा फिरवत फिरवत आत गेली.

तिसरा ता. क. कॅसेट पाठवू नकोस. यायचं असेल तर ये, पण झोपायला चटई घेऊन ये. घसा आता बरा आहे.